नाळेसाठी दुसरा रकाना

बाळ रडत होतं, नाळ अजून धडधडत होती आणि लेबर रूमच्या दारावर थापा पडत होत्या.

"सिस्टरानु, नाळ कापल्यात काय? अकरा चाळीसाक मूळ नक्षत्र लागता!"

हे भिकाजी आबा. सुर्ल्याच्या लोहखनिजाच्या खाणीवर टिप्पर चालवणाऱ्या महादेवचे वडील. सुनेच्या बाळंतपणासाठी सावंतवाडीकडच्या गावाहून पंचांग घेऊन आलेले. आत टेबलावर त्यांची सून सुनंदा. माझ्या शेजारी शर्मिला, नोकरीला लागून वर्षही न झालेली सिस्टर. तिच्या हातात उघडलेला क्लॅम्प. क्लॅम्प म्हणजे नाळेला लावायचा प्लास्टिकचा चिमटा. तो लावला की पुढे कात्री.

"सिस्टर, लावू?"

"नको. मोज."

"ते दार मोडतील."

"दार सरकारी आहे. मोज."

डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी तेव्हा लेबर रूमची इन्चार्ज होते. आम्ही काय मोजत होतो ते आधी सांगते. बाळ बाहेर आलं तरी त्याच्या वाटणीचं बरंचसं रक्त अजून वारेत, म्हणजे आईच्या पोटात राहिलेल्या प्लासेंटात असतं. एक ते तीन मिनिटांत ते नाळेतून बाळाकडे येतं. त्या रक्तातल्या लोहावर बाळाचे पुढचे कित्येक महिने निघतात. बाळ श्वास घेत नसेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबायचं नाही. पण बाळ खणखणीत रडत असेल तर त्याला पुसायचं, आईच्या पोटावर ठेवायचं आणि नाळेला हात लावायचा नाही.

मी शिकले तेव्हा याच्या उलट शिकवलं होतं. बाळ आलं, क्लॅम्प, कात्री, पुढचा पेशंट. वीस वर्षं तसंच केलं. गावातल्या सुइणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत, त्यांना मी त्यावरून ओरडलेही आहे. मग वरून कागद आला, थांबा. कागद येतात. मी यादी केली. नऊ मुद्दे, मोठ्या अक्षरांत, लॅमिनेट करून भिंतीवर. पाचवा मुद्दा: एक मिनिट थांबणे.

महिनाअखेरीस रजिस्टर पाहिलं. प्रत्येक बाळंतपणापुढे शेऱ्यात 'एक मिनिट'. आमचे डॉक्टर खूश. "व्हेरी गुड, सिस्टर."

मला पटेना. आमच्याकडे चहासुद्धा दोनदा सारखा होत नाही, मग सगळ्यांनी सगळ्या वेळी बरोबर एकच मिनिट कसं मोजलं? पुढच्या तीन बाळंतपणांना मी कोपऱ्यात उभी राहिले, मनगटावरच्या घड्याळात बघत. वीस सेकंद. पंधरा. वीस.

शर्मिलाला बाजूला घेतलं. "अगं, मिनिट कुठे गेलं?"

ती रडवेली झाली. "बाहेर सगळे वेळ विचारतात, सिस्टर. पत्रिकेला पाहिजे म्हणतात. नाळ कापल्याशिवाय वेळ कशी सांगणार?"

"नाळेचा आणि वेळेचा काय संबंध?"

"तुम्हीच शिकवलं ना? नाळ कापली की घड्याळ बघायचं."

खरं होतं. बाळ येताना दोन्ही हात गुंतलेले असतात. कापून झालं की मान वर करायला फुरसत मिळते. म्हणून आमच्याकडे जन्माची वेळ म्हणजे नाळ कापल्याची वेळ. लगेच कापत होतो तोवर फरक पडत नव्हता. आता थांबायचं म्हटलं तर जन्मच उशिरा लिहिला जाणार. बाहेर पत्रिकेवाले ताटकळलेले. मग पोरी पटकन कापत आणि शेऱ्यात मिनिट लिहून टाकत. रजिस्टरात वेळेला रकाना एकच, आणि तो मीच कधीकाळी आखलेला.

मी पट्टी घेतली. रकान्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे जन्म, उजवीकडे नाळ. फिलू मावशी आमची अटेंडंट, तिचे हात मोकळे असतात. तिला सांगितलं, बाळ पूर्ण बाहेर आलं की घड्याळ बघून मोठ्याने वेळ सांगायची. क्लॅम्प मी म्हणेपर्यंत पाकिटात. हे सोमवारी ठरलं. बुधवारी सुनंदा आली.

सुनंदाला मी ओळखत होते. तिचा थोरला आमच्याकडेच झालेला, दोन वर्षांपूर्वी. वर्षाचा व्हायच्या आत पांढराफटक पडला. अंगणातली लाल माती खायचा. रक्तात लोह कमी पडलं की मुलं असं करतात. ज्या गावातून रोज ट्रक भरभरून लोखंड जातं तिथलं हे पोर. सुनंदाच्याच अंगात तेव्हा रक्त कमी होतं, ते मुख्य कारण. पण त्याची नाळ झटकन कापणारी मी होते, हेही रजिस्टरात आहे.

कळा सुरू असताना तिने माझा हात धरला. "सिस्टर, ह्येचा तसा नको होऊक. त्येका सिरप पाजताना माझो जीव जाता."

"या खेपेला लोहाच्या गोळ्या घेतल्यास ना?"

"सगळ्यो घेतलंय."

"मग माझं काम मी करते."

बाळ आलं. "अकरा अडतीस!" फिलू मावशी ओरडली. सोमवारचं सगळं विसरून शर्मिलाने पाकीट फोडलं. सवय यादीपेक्षा जुनी असते. आणि मग दारावर थापा.

मी आतूनच सांगितलं, "आबा, मुलगी झाली. अकरा अडतीसला."

"झाली ती बरी झाली! पण नाळ? आमचो भटजी नाळेचो वेळ धरता!"

घड्याळ अकरा चाळीसवर गेलं. मुळावरच्या मुलीला स्थळ मिळत नाही, हे बाहेरच्या माणसाला पक्कं ठाऊक. शर्मिलाने माझ्याकडे पाहिलं. सुनंदानेही. तिने बाळाच्या पाठीवरचा हात काढून नाळेवर ठेवला. नाळ अजून उडत होती. हळूहळू ती लुळी पडली, पांढरी झाली.

"आता लाव."

अकरा एकेचाळीस. दोन्ही रकाने भरले.

आबा दाराबाहेर बाकावर बसले होते. पंचांग मिटलेलं. "एक मिनिट, सिस्टर. एका मिनिटान तुमचा काय जाईत होता?" आवाज चढलेला नव्हता. "माझी भैण मुळावरची. म्हातारी झाली, अजून आमच्याच घरात हा."

मी म्हटलं, "आबा, तुमच्या नातवाला माती खाताना बघितलंत ना? म्हणून थांबले." त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

दुपारी डॉक्टरांनी बोलावलं. आबा तिथे जाऊन आले होते.

"सिस्टर, नाळेची वेळ अकरा एकोणचाळीस लिहिली तर काय बिघडतं? म्हातारा खूश, आपण मोकळे."

"लिहिते, सर. खाली सही तुम्ही करा."

त्यांनी रजिस्टर जवळ ओढलं, मागची चार पानं चाळली. सगळीकडे 'एक मिनिट'. मग माझ्याकडे बघितलं.

"हे सगळं असंच, न मोजता?"

"असंच."

"राहू दे," म्हणाले आणि रजिस्टर परत सरकवलं.

नऊ महिन्यांनी गोवराच्या लसीला सुनंदा मुलीला घेऊन आली. सोबत आबा. मी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन चांगलं आलं. गोळ्या किती, नाळ किती, ते एका मुलीवरून मला सांगता येणार नाही. सुनंदाने तो हिशेब विचारलाही नाही. रिपोर्ट दोनदा वाचला आणि घडी करून पोलक्यात ठेवला.

आबा म्हणाले, "भटजीक तुमचो जल्माचो कागद दाखयलो. तो म्हणालो, सरकारान जल्म अकरा अडतीसाक लिवलो हा, म्हणजे मुळाच्या आधी. तोच धरूया."

"आणि नाळ?"

"नाळ काय, सिस्टर. ती कधीतरी कापूकच होयी."

मी एकच रकाना ठेवला असता तर त्यात अकरा एकेचाळीस पडलं असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

या सगळ्यातून मी शिकले ते थोडकंच. भिंतीवर यादी लावली म्हणजे काम बदलत नाही. जुनं काम कुठल्या सवयीला बांधलंय ते आधी शोधावं लागतं, आणि ती सवय बहुतेक वेळा आपणच लावलेली असते.

पुढच्या वर्षी माझी पेडण्याला बदली झाली. पहिल्या दिवशी लेबर रूम बघितली. भिंतीवर लॅमिनेट केलेली यादी होती, माझ्यापेक्षा सुबक. रजिस्टर उघडलं. वेळेला एकच रकाना, शेऱ्यात खालपर्यंत 'एक मिनिट'.

खुर्चीत बसले. चष्मा पुसला. मग तिथल्या सिस्टरला म्हटलं, "बाय, पट्टी आहे का गो?"