दुसऱ्यांच्या गाड्या शोधणारा बर्जस

धीबान गावात कुणाची गाडी चोरीला गेली की माणूस आधी पोलिसांकडे जायचा आणि तिथून निघून सरळ बर्जसकडे. पोलीस कागद द्यायचे, बर्जस गाडी द्यायचा. निदान बर्जस तरी असंच सांगायचा, तेही चारचौघांत, आवाज चढवून.

चोरीच्या गाड्या वाळवंटाच्या कडेला ज्या वस्त्यांकडे वळतात, तिथले निम्मे लोक त्याच्या ओळखीचे आणि उरलेले ओळखीच्यांचे मेहुणे. चोराला तो चोर म्हणायचा नाही. ‘ज्यांच्याकडे गाडी आहे ते’ म्हणायचा. शेतकऱ्याला पावसाचा असतो तसा त्याला चोरीचा अंदाज. जुन्या कोरियन गाड्या उन्हाळ्यात जातात, लग्नाच्या मांडवाबाहेर रांगेनं उभ्या असताना, कारण त्या साध्या स्क्रूड्रायव्हरनं उघडतात. पिकअप जातात हिवाळ्यात, मेंढरं हलवायला. तीन दिवसांत निरोप आला तर गाडी अख्खी मिळते. आठवडा उलटला की दरवाजे एका गावात आणि इंजिन दुसऱ्यात. “तीन दिवस तोंड बंद ठेव आणि फोन चालू,” हे सांगून त्यानं किती घरांना धीर दिला असेल!

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तो नमाजाला आत होता आणि मशिदीच्या भिंतीलगतची त्याचीच पिकअप गेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

गल्लीत त्यानं सांगितलं, क्लच गेलाय, गाडी मादबा शहरात मेकॅनिककडे आहे. एवढं कमवलेलं नाक, ते असं कापून घ्यायचं? पण मशिदीसमोरच्या न्हाव्यानं अनोळखी माणसाला पिकअप नेताना पाहिलं होतं, आणि न्हाव्यानं पाहिलं म्हणजे गावानं पाहिलं. तोंडावर कुणी बोललं नाही. अशी मजा कोण लवकर संपवतो? शेजारचा किराणावाला नायेफ तर दिवसातून चारदा बर्जसला त्याच्या मुलावरून पडलेल्या नावानं हाक मारायचा, “काय अबू थामेर, क्लच मिळाला का? की मेकॅनिकच हरवला?”

रविवारी दुपारी निरोप आला. फोनवरचा माणूस अगदी शरमला होता. “गाडी तुमची आहे हे आमच्या मुतलकला ठाऊक नव्हतं हो. तासाभरात ऑलिव्हच्या घाण्यापाशी उभी करतो.”

बर्जस हसत फोन ठेवून वळला, तर त्याची बायको फिद्दा मसूर निवडता निवडता ताट बाजूला सारून भिंतीला टेकली होती.

“छातीवर कुणी बसलंय असं वाटतंय,” ती म्हणाली. “नायेफची गाडी मागून आणा.”

“गॅस असेल. थोडा चहा घे. आपली गाडी येतेच आहे, आपल्याच गाडीत जाऊ.”

“तुमच्या नाकाला चाकं असती तर मी आत्ता इस्पितळात पोचलेसुद्धा असते,” फिद्दा म्हणाली. हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच राहिलं.

तो फाटकापर्यंत गेला. नायेफ दुकानापुढे उन्हात खुर्ची टाकून भोपळ्याच्या बिया सोलत होता, गाडी शेजारीच उभी. “काय, मेकॅनिकचा फोन?” त्यानं विचारलं. बर्जस “हो” म्हणाला आणि आत परतला.

चाळीस मिनिटं गेली. कोपऱ्यावरच्या घाण्यापाशी पिकअप आली तीही धुऊन, टाकी भरून. ज्याची गाडी त्याचा मान म्हणून. ती दारात आणून त्यानं फिद्दाला शेजारच्या सीटवर बसवलं. मादबाचं इस्पितळ दिसायच्या आधी तिची मान खिडकीकडे कलली.

सुतकाचे तीन दिवस झाले आणि चौथ्या दिवशी मुतलकच्या घराण्याची माणसं आली, चाळीसेक, पुढे म्हातारा शेख अव्वाद. चोरीच्या पायी बाई गेली असं ठरलं तर दोन घराण्यांत वैर पेटतं, म्हणून माफी मागायला. अशा वेळी पाहुण्यांचा म्होरक्या कॉफीचा कप घेतो आणि न पिता खाली ठेवतो. घरधनी “प्या, मागणं मान्य” म्हणेपर्यंत कुणी ओठाला लावत नाही. बर्जस स्वतः कित्येक घरी असा कप ठेवून बसला होता. कॉफी किती गार होऊ दिली की समोरचा विरघळतो, हे त्याच्याएवढं कुणाला कळत नसे.

“अबू थामेर,” शेखनं सुरुवात केली, “आमच्या मुतलकच्या हातून…”

“प्या,” बर्जस म्हणाला. “सोडलं मी.”

बैठकीत कौतुकाची कुजबुज झाली. काय काळीज आहे! तेवढ्यात फिद्दाचा धाकटा भाऊ सायेल ताडकन उठला.

“माझ्या बहिणीची एवढीच किंमत? कॉफीची वाफही जिरू दिली नाहीत!”

“बस सायेल. मुतलकनं गाडी नेली, ती परत दिली. नायेफची गाडी दारात उभी होती. माग म्हणून फिद्दानंच सांगितलं. मी मागितली नाही. लाज वाटली.”

भिंतीशी बसलेला नायेफ कसाबसा म्हणाला, “अरे, नुसती हाक मारली असतीस…” स्वतः रोज कसल्या हाका मारत होता ते आठवलं असावं.

सायेल चपला न घालताच बाहेर पडला. शेखनं कप उचलला, पण प्यायला नाही. दोन घराण्यांचं भांडण मिटवायची रीत त्याला पाठ होती. इथे कुणी कुणाची माफी मागायची?

मेहुण्याकडे माफीला जायचं तर चार वजनदार माणसं सोबत हवीत. लोकांसाठी उभा जन्म असा हिंडलेला बर्जस, पण ‘माझ्यासाठी चला’ हे त्याच्या तोंडून निघेना. पुढच्या शुक्रवारी तो बसनं एकटाच गेला. सायेलनं कॉफी ओतली. दारी आलेल्याला ती द्यावीच लागते. बर्जसनं कप न पिता समोर ठेवला. सायेल मेंढरांबद्दल बोलला, एका कोकराला खोकला झालाय त्याबद्दल बोलला. ऊन उतरलं तेव्हा त्यानं भरला कप उचलून आत नेला.

दारापर्यंत मात्र सोडायला आला.

“पुढच्या शुक्रवारी येऊ?” बर्जसनं विचारलं.

“या. जेवायला थांबा,” सायेल म्हणाला. “पण मी ‘प्या’ म्हणेन अशी आशा ठेवून येऊ नका.”