ते अकरा सेकंद

शंकाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. चौदा वर्षं विमानं उडवल्यावर कानाच्या दुखण्याने उडणं सुटलं आणि ती वैमानिकांच्या परीक्षा घेऊ लागली, तेव्हा हे नाव चिकटलं. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच डुलणारी, खोटं आकाश दाखवणारी विमानाची केबिन. मागच्या खुर्चीवरून ती गुपचूप एखादा बिघाड घालायची आणि माणसं काय करतात ते टक लावून बघायची. नापास करण्यात तिला काडीचाही रस नव्हता. यंत्राने दगा दिला की माणसाच्या डोक्यात नेमकं काय होतं, याचं तिला भारी कुतूहल.

त्या सकाळी परीक्षेला काका आले, म्हणजे सगळेच ज्यांना काका म्हणत ते ज्येष्ठ वैमानिक. तिला विमान उडवायला शिकवलं ते त्यांनीच. पास झाले तर सोमवारी उड्डाण, नाहीतर निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना घरी बसायचं.

उतरता उतरता काकांनी विमान पुन्हा वर घेतलं, बटण दाबलं, "ऑटोपायलट लावला" म्हणाले आणि हात मांडीवर ठेवले. बिघाड तिथेच घातलेला होता. बटणावरचा दिवा लागलाच नाही. शेजारचा सहवैमानिक तपासणीची यादी वाचण्यात गुंग. विमान हळूहळू डावीकडे कलंडायला लागलं. मग काकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते असं सावरलं, असं अलगद उतरवलं की बघत राहावं.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "मधले अकरा सेकंद विमान कोण चालवत होतं?"

"मशीन," काका पटकन म्हणाले.

"सर चालवत होते," सहवैमानिक म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अगं, पण उतरवलं ना झक्कास?" काका भडकले. "वीस हजार तास मी काय झोपा काढल्या?"

"झक्कासच उतरवलंत, काका. पण मला नापास लिहावं लागेल."

काका तरातरा दारापर्यंत गेले आणि परत आले. "दाखव बघू."

तिने चित्रण लावलं. त्यांनी ते तीनदा बघितलं, मग खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"मी दिव्याकडेच बघतोय गं! सरळ त्याच्याकडे. आणि शपथेवर सांगतो, मला तो लागलेला दिसला." त्यांचा राग कुठल्या कुठे पळाला होता. "असं कसं होईल? लिही तू नापास. पण हे कळल्याशिवाय मी घरी जायचा नाही."