दुसऱ्याची ओळ

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत सबिहाला ‘काळ्या खिडकीवाली’ म्हणायचे. म्हणून हसायचेही. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा, असलेल्या राजेसाबची ही पोरगी. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या माडीवर, देणगीत आलेल्या संगणकांवर पोरापोरींना प्रोग्रॅमिंग शिकवायची. फुकट. माडी मी भांडून मिळवली, चालवली तिनं.

देणगीचे संगणक म्हणजे आहेरातली भांडी, एकाला एक जुळत नाही. एकावर बॅश, दुसऱ्यावर झी-शेल, कोणा हौशी माणसानं दिलेल्या तिसऱ्यावर फिश. शेल म्हणजे काळ्या खिडकीत लिहिलेला हुकूम ऐकणारा गडी. पोरांचे प्रोग्रॅम चालवतं ते नोड. एका कामाला ते जुनं लागायचं, दुसऱ्याला नवं. म्हणून सबिहानं व्हर्जन मॅनेजर बसवला. मागाल ती आवृत्ती तो पुढं करतो. पण प्रत्येक शेल उघडताना आपापलीच फाइल वाचतो. बॅशला सांगितलेलं झी-शेलच्या कानावर जात नाही, आणि फिशची तर बोलीच निराळी.

“आपल्या गल्लीसारखंच की, भाऊ,” सबिहा म्हणायची. “नळाला पाणी आलं तर आमच्याकडं दखनीत सांगा, समोर तेलुगूत. एकदाच वरडून भागत न्हाय.”

तिनं तिन्हीकडं वेगळं वेगळं लिहिलं. नियम एकच घातला, बापाच्या कारखान्यातून आणलेला. तिथं पाळी बदलली तरी आधीच्या माणसानं जोडलेला धागा तोडत नाहीत. माडीवरही तसंच. फाइलीत दुसऱ्याची ओळ पुसायची नाही.

मग संगणक गोळा करून देणाऱ्या जुळे सोलापुरातल्या संस्थेनं पगारी शिक्षक नेमायचं ठरवलं. खोकल्यानं राजेसाबचा कारखाना सुटला होता. ही जागा मिळाली नाही तर सबिहाला माडी सोडून शिलाई मशीनवर बसावं लागणार होतं.

संस्थेचे साहेब पाहणीला आले. “त्या कोपऱ्यातल्यावर चालवून दाखवा,” म्हणाले. तो झी-शेलचा. सबिहानं नव्या नोडचा हुकूम दिला. समोर आलं जुनंच नोड, आणि काम जागच्या जागी आडवं.

“मॅडम, एवढंही जमत नाही?”

तिनं फाइल उघडली. तिच्या ओळी जागेवर होत्या, पण त्यांच्याखाली प्रभुलिंगनं स्वतःची ओळ टाकली होती, त्याचं जुनं नोड सगळ्यांच्या पुढं ओढणारी. फाइलीत शेवटी बोलेल त्याचं खरं. आदल्या दिवशीच तिनं ती पाहिली होती. नियम म्हणून पुसली नाही. आपला मॅनेजर निभावून नेईल असं वाटलं तिला. प्रभुलिंग हा दुधनीचा, तिच्याच हाताखाली शिकलेला, त्याच जागेला अर्ज केलेला, शेजारीच बसला होता. पंख्याकडं बघत.

“मशीनची जबाबदारी कोणाची?” साहेबांनी विचारलं.

“माझी.”

माझं डोकं फिरलं. “ओ साहेब, ती ओळ हिची न्हाय...”

“भाऊ, बसा खाली,” सबिहा म्हणाली.

बसलो. जागा प्रभुलिंगला मिळाली. तोंडदेखलंसुद्धा नको म्हणाला नाही गडी.

परवा सबिहाकडं गेलो तर परकराच्या ढिगात बसलेली. फोन वाजला. प्रभुलिंग. हात कामात म्हणून तिनं स्पीकर लावला.

“अक्का, फिशवाल्या मशीनवर मॅनेजर सापडंना. बॅशच्या ओळी उचलून टाकलो, तर लाल अक्षरात शिव्या देतंय बघा.”

“तितं माझ्या ओळी होत्या की.”

“साफसफाई केलो, अक्का. सगळ्यांच्या पुसलो.”

“तुझी?”

“माझी ठेवलो.”

आणि ही बाई त्याला फिशच्या ओळी सांगायला लागली! चिन्हासकट, सावकाश.

“ठेव की तो फोन!” मी ओरडलो. “लाज वाटंना त्याला, आणि तू...”

“पोरं खोळंबली असतील तितं, भाऊ.”

फोन संपला. खाटेवरून राजेसाब खोकत उठून बसले.

“बेटी, दुसऱ्याचा धागा तोडायचा न्हाय, हे सांगितलं मी. आपल्या धाग्याला कुणी हात घातला तर तो हात धरायचा, हे बी सांगितलं होतं की. ते कुटं गेलं?”

सबिहानं परकराची कड मशीनखाली सरकवली आणि खटखट सुरू केली.