वाघाटी सोडली, त्याच्या आदल्या दिवशी

खांद्यावर शाल, हातात नारळ आणि समोर टाळ्या वाजवणारी माणसं. लहान रानमांजरांसाठी राखलेल्या त्या रानात माझा सत्कार झाला. जाळीतली वाघाटी दुसऱ्या दिवशी मोकळी सोडायची होती. ती पिल्लू असताना उसात सापडली आणि सापडली त्याच दिवशी मी तिथं आणून दिली, असं सगळे धरून चालले होते. मीच तसं सांगितलं होतं.

खरं म्हणजे ते पिल्लू दोन-अडीच महिने आमच्या घरात होतं.

वाघाटी पाळीव मांजरीपेक्षाही लहान, अंगावर तांबूस ठिपके. निफाडकडच्या आमच्या शेतात ऊसतोडीत ती निघाली, तेव्हा तोडणीवाले "बिबट्याचं पिल्लू हाय!" म्हणत कोयते टाकून बांधावर जाऊन बसले. अशा वेळी पिल्लू तिथंच ठेवतात, तोड थांबवतात. रात्री आई येऊन घेऊन जाते. मला तोड थांबवायची नव्हती. "मी देतो वनखात्यात," म्हणालो, आणि गंगापूर रोडच्या फ्लॅटवर नेलं.

एक रात्र ठेवणार होतो. पण वडील गेल्यापासून आई बोलत नव्हती. पिल्लू तिच्या मांडीत शिरलं तशी म्हणाली, "अगं बाई, किती ऊब आहे गं तुला!" मग ठेवलंच. आई दिवसभर त्याच्याशी बोलायची. पुढं आईही गेली, तेव्हा मला ते पिल्लू घरात बघवेना. घरी ठेवणं गुन्हा, हे माहीत होतं. म्हणून "आजच सापडलं" म्हणून देऊन आलो.

सत्कारानंतर तिथं काम करणारी मुलगी मला आणि बायकोला जाळीकडे घेऊन गेली. तिनंच त्याला वाढवलं होतं. "काका, लांबूनच हं. आम्हीसुद्धा न बोलता खाणं ठेवतो. माणूस दिसला की लपते. म्हणून तर सोडतोय."

बायको हळूच म्हणाली, "अहो, शाल नीट घ्या. नवरदेवासारखे काय उभे राहिलात?"

"गप गं," मी म्हणालो.

झुडपातून वाघाटी निघाली, सरळ आमच्याकडे आली आणि जाळीला कपाळ घासायला लागली.

"हे काय आज?" मुलगी चपापली.

"भूक लागली असेल," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

गाडीत म्हणाली, "सांगायचं होतं हो."

"शाल घेतल्यावर?"

सकाळपर्यंत फोन करता आला असता. केला नाही. वाघाटी सोडली.

पंधरवड्यानं त्या मुलीचा फोन आला. वाघाटी भर दुपारी एका वस्तीवर ओट्यावर जाऊन बसली. घरात तान्हं मूल. बिबट्याचं पिल्लू समजून लोकांनी काठ्या घालून मारली.

"काका, पळालीच नाही म्हणे. बायका ओरडल्या, तर उलट त्यांच्याकडेच गेली." ती रडत होती. "माझंच चुकलं कुठंतरी. तुम्ही एवढी वाचवून आणली होती."

"तुझी काही चूक नाही गं," एवढंच म्हणालो. चूक कुणाची, ते तेव्हाही नाही.

मग ती म्हणाली, जाळीतल्या उरलेल्या दोन वाघाटींना आता सोडायचं नाही असं ठरलंय. आमची पद्धतच चुकीची, असं वरचे साहेब म्हणतात.

त्या दोघी कुणाच्या मांडीवर वाढलेल्या नाहीत. माणूस दिसला की लपतात. अजून जाळीतच आहेत.