दारं ह्यांची, लाज माझी

कोणाच्या घरी रिकामे डबे साठतात, आमच्या घरी किस्से साठले. अन् सगळे दारांचेच! आमचे हे फॅक्टरीत फिटर, त्यांचे दोस्त बोकडे भाऊजी पण फिटर. सिव्हिल लाइन्समधला आर्किटेक्टनं बांधलेला एखादा जुना बंगला पाडून राहिले म्हटलं, की दोघं ठेला घेऊन हजर! शिशाच्या पट्ट्यांत रंगीत काचा बसवलेली दारं मलब्यातून काढायची अन् रांझीच्या फॅक्टरी कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये भिंतीला लावून ठेवायची. आता सांगताना मी हसते. तेव्हा मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं वाटायचं.

*

माझी मावशी अमरावतीहून पहिल्यांदाच आली. सकाळी उठून न्हाणीघर शोधू लागली. एक दार ओढलं, मागं भिंत. दुसरं ओढलं, मागं भिंत. तिसऱ्याला कपाळ आपटलं.

"काय वं पोरी," मावशी ओरडली, "दारंच दारं दिसून राहिली, जायला जागा कुठं आहे?"

*

फिटरचा हात वाईट! धातू दिसला की चमकवायचा. एका दाराचं शिसं काळं पडलं होतं. दोघांनी एमरी पेपर घेतला अन् ड्यूटीवरून आले की घासायला बसायचे. मी म्हटलं, "काहून एवढं घासता?" तर म्हणे, "तुला काय समजते त्यातलं?"

शिसं चांदीवानी चमकलं. बोकडे भाऊजींनी कौतुकानं दार उभं केलं, अन् सगळ्या काचा खळकन खाली! पट्ट्या घासून घासून कागदासारख्या झाल्या होत्या. आवाजानं क्वार्टरांची अख्खी लाइन बाहेर आली.

भाऊजी रिकाम्या चौकटीतून माझ्याकडं पाहत म्हणाले, "पण वहिनी, फिनिशिंग पाहा!"

*

सिव्हिल लाइन्समध्ये कोणी बुजुर्ग गेले. हे म्हणाले, "चल, बसून येऊ." मला वाटलं, ओळखीचे असतील. मी पांढरी साडी नेसले, सतरंजीवर बसले, खाली मान घालून दोन थेंब पण काढले. हे मात्र मान वर करून दाराकडं टक लावून बसलेले.

गेलेल्यांचा मुलगा हात जोडून म्हणाला, "भैया, आप बाबूजी को कैसे जानते थे?"

हे दचकले. तोंडून निघून गेलं, "जी, दरवाज़े से!"

मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बाई रडून राहिली.

*

मग बांगलादेशाची लढाई लागली. फॅक्टरीत ओव्हरटाइम, घरी ब्लॅकआउट. कॉलनीत खंदक खणलेले, सायरन वाजला की उतरायचं. एकदा वाजला. मी पोरीला कडेवर घेऊन धावले. मागं पाहते तर हे पाठीवर दार घेऊन पळून राहिले!

"अहो, अन् आम्ही?"

"तुला पाय आहेत ना!"

खंदकात शेजारच्या दीदीनं सरकून जागा दिली. दाराला!

*

पण सगळ्यात जास्त लाज मला माताजींपुढं वाटली. सिव्हिल लाइन्समध्ये एका बंगल्यात त्या एकट्याच राहत. त्यांच्या दारावर निळ्या काचेचा खंड्या होता, चोचीत मासळी धरलेला. ह्यांचा त्याच्यावर जीव जडला. माताजी म्हणाल्या होत्या, "मेरे बाद ले जाना, भैया."

झालं! दर इतवारी संत्री घेऊन ह्यांची फेरी सुरू. नळ दुरुस्त कर, फ्यूज बदल, दारावर ब्लॅकआउटचा काळा कागद लाव. पण सगळ्यात आधी विचारायचं, "तबियत कैसी है?" त्या "बढ़िया" म्हणाल्या की हे तोंड पाडून घरी! मी म्हणायची, "अहो, म्हातारी ठणठणीत आहे म्हणून सुतक पाळून राहिले का?"

त्याच थंडीत माताजींना निमोनिया झाला. ह्यांनीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, ड्यूटी सोडून उशाशी बसले. मी डबा घेऊन गेले तर हे डॉक्टरला विचारून राहिलेले, "बचेंगी ना?" ह्यांच्या तोंडाकडं पाहून मला काही कळेना. नवरा माझा, पण हा माणूस नेमकं काय मागून राहिला, हे मला समजलं नाही. त्याचीच जास्त लाज वाटली.

माताजी बऱ्या होऊन घरी आल्या. त्यांनी सुतार बोलावून दार उतरवलं अन् ठेल्यावर घालून आमच्याकडं पाठवलं. सोबत निरोप, "अब इतवार को देखूँगी, कौन आता है."

ह्यांनी दार भिंतीला लावलं, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. बोकडे भाऊजी पाहायला आले, त्यांना पण आत येऊ दिलं नाही.

इतवारी सकाळी ह्यांनी सायकलच्या हँडलला संत्र्यांची थैली अडकवली. काढली. परत अडकवली.

"जाऊन राहिले की नाही?" मी विचारलं.

"तू पण चल ना," हे म्हणाले. "मला एकट्याला तोंड दाखवता येत नाही."

गेलो. दाराच्या जागी जुनी चादर टांगलेली, वाऱ्यानं फडफडून राहिली होती. हे बाहेरच उभे, थैली छातीशी धरून. माताजींनी चादर बाजूला केली. आधी संत्र्यांकडं पाहिलं, मग ह्यांच्याकडं.

"आओ भैया, अंदर आओ," त्या म्हणाल्या. "खिड़कियाँ भी देख लो. पर काँच सादा है!"