तिलिस्मातली राणी

काल लेकीसाठी आणलेला प्लास्टिकचा टब फुगवला आणि त्याच्या कोऱ्या, उग्र वासाने मला थेट नव्वदच्या दशकातल्या लखनौत नेलं. इंदिरा नगरमधल्या आमच्या शाळेच्या मैदानात पंख्याने फुगवलेलं, काळ्या प्लास्टिकच्या तंबूसारखं तारांगण आलं होतं. त्यात तिलिस्माची, म्हणजे जादूने बंद झालेल्या किल्ल्याची, गोष्ट ताऱ्यांमधून दाखवणार होते आणि पालकांनाही बोलावलं होतं.

ती गोष्ट मला पाठ होती. आई गेल्यापासून एअर फोर्समधले माझे बाबा रोज संध्याकाळी ते जाडजूड हिंदी पुस्तक मला मराठीतून वाचून दाखवायचे. शेवटी हरवलेली राणी किल्ल्यातून परत यायची.

तारांगणात मात्र राणी मेली आणि तिचा तारा झाला. मी सगळ्यांसमोर, शाळेतल्या हिंदीतच ओरडले, "रानी तो लौट आती है! बाबा, आपने झूठ पढ़ा?" अंधारात शेजारी बसलेल्या बाबांनी माझा हात धरला. मी तो झटकला. "अगं, घरी जाऊन बघू," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी पुस्तकात होतं तसंच वाचलं. राणी मेली. बाबांचं खोटं पकडल्याच्या तोऱ्यात मी खेळायला पळाले. ते पुस्तक घरात पुन्हा कधी उघडलं नाही. राणी माझ्यासाठी परत यायची की त्यांच्यासाठी, हे मी बाबांना कधीच विचारलं नाही.