खालच्या ओठावर दात

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गुंजीकडच्या गावात फोन, फी, फॉर्म हे शब्द सगळेच बोलतात. ते बोलताना आमचे दोन्ही ओठ मिटतात, हे मला कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. ते दाखवून दिलं खोलीत माझ्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीनं. ती चिकोडीकडची, जैन शेतकऱ्याची मुलगी. घरात कन्नड, बाजारात मराठी. माझ्याहून थोडी लहान, म्हणून मला आक्का म्हणायची.

बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात फोन घ्यायला मुलगी हवी होती. जागा एकच. आम्ही दोघींनी अर्ज केला. कन्नड, इंग्रजी आणि मराठी, तिन्ही भाषांत फोनवर बोलून दाखवायचं होतं.

आप्पांनी मला आधीच सांगितलं होतं, "नोकरी लागली तर ऱ्हा तिथं, म्होरचं शिक. न्हाय लागली तर परीक्षा झाली की घरी ये. मग बघू."

त्या 'बघू'मध्ये काय आहे ते मला कळत होतं. पाहुणे येऊन चहा पिऊन गेलेले होते. घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे पुढं काय मागायचं असतं हेसुद्धा मला नीट माहीत नव्हतं.

संध्याकाळी भात शिजेपर्यंत आम्ही सराव करायचो. ती माझ्या तोंडासमोर वर्तमानपत्राची पट्टी धरायची. मी "फर्स्ट फ्लोअर, फीवर क्लिनिक" म्हटलं की पट्टी उडायची.

"चूल फुंकतीस काय आक्का? वरचे दात खालच्या ओठावर टेकव. वारा हळू सोड."

तिला 'ओपीडी' जमत नव्हतं. आधी ओठांचा चंबू व्हायचा आणि 'वोपीडी' बाहेर पडायचं. मी सांगितलं की ती म्हणायची, "तसंच तर म्हणाले की." खरंच, तिला ते ऐकू येत नव्हतं. मला माझं ऐकू येत नव्हतं. माझं कन्नडही तसंच. 'एरडने महडी', म्हणजे दुसरा मजला. त्यातला पहिला ए आखूड आणि शेवटचा लांब, पण माझ्या कानाला दोन्ही सारखेच.

"पहिला एवढा ओढलास तर पेशंट तिसऱ्या मजल्यावर जाईल गं," ती म्हणायची.

आम्ही हसायचो, पण जागा एक आहे हे दोघींनाही आठवत असायचं. मग ती भात बघायला उठायची.

मुलाखतीच्या दिवशी ती आधी आत गेली. बाहेर बाकावर आणखी काही मुली होत्या. आत काय विचारलं ते कोणी कोणाला सांगायचं नाही, असं बजावलेलं होतं. ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. माझ्याजवळून जाताना तिनं वरचे दात खालच्या ओठावर टेकवले आणि पुढं गेली.

आत टेबलावर फोन होता. पलीकडच्या खोलीतून मॅडम पेशंट होऊन बोलणार होत्या. पहिला फोन कन्नडमधून आला. एरडने महडी म्हणताना मी अडखळले, पण निभावलं. दुसरा इंग्रजीत. दात ओठावर टेकवून मी फर्स्ट फ्लोअर म्हटलं. तो फ मलाही वेगळा ऐकू आला.

तिसरा मराठी. त्याची मी तयारीच केली नव्हती.

"बाई, डाक्टर हाइत काय? लई दुखतंय माज्या पोटात."

"डॉक्टर आहेत. फार वेळ लागणार नाही. आपण दुसऱ्या मजल्यावर यावे."

मग मॅडमचा स्वतःचा आवाज आला, "तुम्ही कुठल्या?"

"गुंजीकडच्या."

"मग 'फार'ला दात कशाला? आमच्याकडं खानापूर तालुक्यातली माणसं फोन करतात. पोटात दुखतंय म्हणणारी बाई हे ऐकून फोन ठेवेल. परत बोला."

मी परत 'फार' म्हटलं. दात पुन्हा ओठावर गेले. तिसऱ्यांदाही गेले. इतके दिवस मागे लागून तोंडाला लावलेली सवय आता हटत नव्हती, आणि मला घरचं अंगण दिसायला लागलं.

मग आई कशी बोलते ते आठवायचा प्रयत्न केला. आई 'पुढं' म्हणतच नाही, 'फुडं' म्हणते. हा शब्द मी शाळेत कधी उच्चारला नव्हता. शाळेत त्यावर मार बसायचा.

"मावशी, घाबरू नगा. आत आलासा की तसंच फुडं या. जिना हाय, वर मी हायच. लई लांब न्हाय."

ओठ मिटले होते. पलीकडून फक्त "बरं" ऐकू आलं.

मॅडमचा फोन संध्याकाळी आला, गॅसवर भात होता तेव्हा. एक महिना बघू, मग कायम करू, असं त्या म्हणाल्या. मी "हो मॅडम" म्हणत राहिले. मैत्रीण शेजारीच होती, तिला सगळं ऐकू गेलं. तिनं गॅस बारीक केला आणि माझ्याकडं न बघता ताटं मांडली.

आप्पांना फोन लावायला मी गॅलरीत गेले. "लागली," म्हटलं. ते म्हणाले, "बरं. मग ऱ्हा."

परत आत आले तेव्हा ती माझ्यासाठी जेवायची थांबली होती.

"एरडने महडी म्हण बघू," ती म्हणाली.

मी म्हटलं.

"पहिला अजून लांब हाय," ती म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढला.